वाचक विचारतात : बंद पडलेल्या गाडीचे करायचे काय?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो: गावात, शाळेजवळ, पांदणीत किंवा घरच्याच अंगणात वर्षानुवर्षे उभी असलेली, न चालणारी वाहने. पूर्वी आपल्या विदर्भातल्या खेड्यात मोडकी बंडी असायची. तिचे लाकूड चुलीत जायचे, चाकाची धाव लोहार घेऊन जायचा आणि त्यासाठी कोणाला कागद दाखवावा लागत नसे. मोटार वाहनाचे तसे नाही. ते लोखंड म्हणून संपले तरी नोंदणीच्या रूपाने जिवंत राहते आणि ज्याच्या नावावर ते आहे, त्याच्याच अंगावर त्याची जबाबदारी राहते. म्हणून खालील जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी आधी दोनच गोष्टी पाहिल्या आहेत: वाहन कोणाच्या जागेत उभे आहे आणि कागदावर ते कोणाचे आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावात एसटीच्या थांब्याला लागून एक जुनी काळी-पिवळी जीप सुमारे चार वर्षांपासून उभी आहे. चारही चाके बसली आहेत, काचा फुटल्या आहेत आणि बोनेटच्या फटीतून कडुनिंबाचे रोप वर आले आहे. मालक कामासाठी गाव सोडून गेला. सकाळी शाळेची मुले तिच्या आडून रस्त्यावर येतात आणि वळणावरून येणारी बस त्यांना दिसत नाही. ग्रामपंचायत म्हणते, हे पोलिसांचे काम आहे. ठाण्यात गेलो तर सांगतात, ग्रामपंचायतीला अर्ज द्या. नेमके काम कोणाचे? (अमरावती जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : काम दोघांचेही आहे, आणि दोघांनाही तसा स्पष्ट अधिकार कायद्याने दिलेला आहे. आधी पोलिसांचे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले वा बेवारस उभे असलेले वाहन उचलून नेण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. दहा तास, चार वर्षे नव्हे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात मोडलेल्या, जळालेल्या आणि अर्धवट सुटे भाग काढलेल्या वाहनांचा वेगळा उल्लेख आहे. असे वाहन वाहतुकीला धोका ठरत असेल तर दहा तास मोजत बसण्याचीही गरज नाही, ते तातडीने हलवता येते. उचलून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो आणि दंड असेल तर तो वेगळा.

आपल्या ठाण्यातून कदाचित असेही सांगितले जाईल की, हा काही शहरातला रस्ता नाही. त्या वेळी अधिनियमातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या शब्दाची व्याख्या पुढे ठेवावी. लोकांना जेथे येण्याजाण्याचा हक्क आहे असा कोणताही रस्ता, वाट किंवा जागा तिच्यात येते, आणि प्रवासी गाडीत चढतात-उतरतात तो थांबा तर तिच्यात शब्दशः नमूद आहे. आपली जीप नेमकी अशाच जागी उभी आहे. याशिवाय कलम १२२ खाली धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून देण्यास मनाई आहे, कलम २०१ खाली वाहतुकीला अडथळा करणाऱ्या वाहनासाठी ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक रस्त्यात अडथळा निर्माण करणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता ग्रामपंचायत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली गावठाणातील सार्वजनिक रस्ता आणि मोकळ्या जागेवरील अडथळा किंवा अतिक्रमण काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीला आहे. या कलमातील दंडाची रक्कम अगदी जुनी आणि किरकोळ असल्यामुळे पुष्कळ पदाधिकारी ते निरुपयोगी समजतात, पण कलमाचे खरे बळ दंडात नसून अडथळा हटवण्याच्या अधिकारात आहे. पंचायतीने तो वापरला नाही, तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कोणाच्या अर्जावरून तेच काम करू शकतात. ‘आमच्याकडे अधिकार नाही’ हे उत्तर त्यामुळे पंचायतीला देता येत नाही; फार तर ‘आमच्याकडे क्रेन नाही’ असे ती म्हणू शकते, आणि त्यासाठी पोलिसांना पत्र लिहिणे हे तिचेच काम आहे.

अर्ज कसा लिहावा, हे थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणे मोघम अर्जामुळे अडकतात. ‘गावात बेवारस जीप उभी आहे, कारवाई व्हावी’ एवढ्या वाक्यावर कोणीही हलत नाही. वाहनाचा क्रमांक लिहावा. नंबर प्लेट गेली असेल तर चेसिस क्रमांक शोधावा. डांबरी रस्त्याच्या कडेपासून वाहन किती फुटांवर आहे, ते टेपने मोजून लिहावे. थांब्याच्या खांबापासून किती अंतर, शाळेच्या फाटकापासून किती अंतर, तेही लिहावे. मुले रस्ता ओलांडतात त्या जागी उभे राहून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक छायाचित्र काढावे. त्या एका छायाचित्रात बस का दिसत नाही हे समजून येते. एकच अर्ज ठाणेदार, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक म्हणतो ते) या तिघांच्या नावे करावा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय उरत नाही. प्रत्येकाकडून पोच घ्यावी. रस्ता पंचायतीचा नसून जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांच्या उपविभागालाही प्रत द्यावी. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

महिनाभरात काहीच झाले नाही, तर दोन वाटा आहेत. एक, माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली, हे विचारावे. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे आणि अनेकदा उत्तर लिहिण्याऐवजी गाडी हलवणे सोपे वाटते. दुसरी वाट उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा किंवा उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश ते काढू शकतात.

आपण पत्रात लिहिले नाही, पण मी जोडते. गेल्या श्रावणात अशाच एका गावात बंद जीपच्या मागच्या बाजूला टेकवून ठेवलेला टायर मी हाताने कलता करून पाहिला. आत ओंजळभर स्वच्छ पाणी होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी टायरच्या आतल्या भिंतीला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून पाणी नुसते ओतून दिल्याने काम होत नाही. आतून घासून टायर छपराखाली ठेवावा लागतो. जीप हटेपर्यंत एवढे तरी आशाताईंना सांगून करून घ्यावे. या कारणासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे एक पत्र आपल्या अर्जाला जोडता आले तर अर्जाचे वजन वाढते.

आणि एक विनंती. गावातील तरुण मंडळी ‘आम्हीच ढकलून नाल्यात टाकतो’ म्हणतील किंवा कोणी तिचे सुटे भाग काढून विकायला निघेल. तसे होऊ देऊ नये. मालक गाव सोडून गेला म्हणून मालकी संपत नाही. न विचारता भाग काढणे ही चोरीच ठरते आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा तो गुन्हा आहे.

प्रश्न : वडील तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या नावावर एक स्कूटर आणि एक जुनी जीप आहे. दोन्ही कोठ्यामागे उभ्या आहेत, चालत नाहीत. आम्ही तीन भावंडे आहोत, कोणालाच त्या नको आहेत. शेजारी म्हणतात की घरी उभ्या ठेवल्या तरी दंड लागतो. खरे आहे काय, आणि त्या मोडीत कशा काढाव्यात? (वर्धा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : स्वतःच्या अंगणात किंवा कोठ्यामागे न चालणारे वाहन उभे ठेवणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. विम्याची सक्तीसुद्धा सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी आहे. शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे ते दुसऱ्या बाजूने. वाहन कायमचे निकामी झाले असेल, तर मालकाने १४ दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर तसे परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५५ सांगते. हे फार थोड्या लोकांना माहीत असते आणि आपल्याकडून ते सहसा राहूनच जाते.

आपल्या प्रकरणात आधी वारसाची पायरी आहे. वाहनमालकाचे निधन झाल्यावर ज्याच्या ताब्यात वाहन येते, त्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून वाहन आपल्या नावे करून घ्यायचे, असा नियम आहे. मुदत टळली म्हणून दार बंद झाले असे समजू नये. विलंबाचे शुल्क भरून अर्ज करता येतो. वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारस म्हणून आपले प्रतिज्ञापत्र, इतर दोन भावंडांची संमती आणि मूळ नोंदणी पुस्तक ही कागदपत्रे तयार ठेवावीत. जीप कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा नोंदीत अजून आहे का, ते आधी पाहावे. कर्ज कधीच फिटले, पण नमुना ३५ भरून बोजा उतरवायचे राहून गेले, असे मी वारंवार पाहते, आणि बोजा असलेले वाहन मोडीत काढता येत नाही. (२०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. ज्यांच्या घरी वयस्कर मालकाच्या नावावर गाडी आहे, त्यांनी ते आजच करून घ्यावे.)

मोडीत काढण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार वाहन नोंदणीकृत वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रातच द्यायचे असते. अशा केंद्रांची यादी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. केंद्र आधी वाहनाची नोंद, बोजा, थकबाकी आणि ते चोरीचे तर नाही ना, हे तपासते. मग वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र देते आणि पुढे प्रत्यक्ष मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र. हा दुसरा कागद हाती आला की खऱ्या अर्थाने वडिलांच्या नावावरचे वाहन संपले. जमा प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण नवे वाहन घेताना त्यावर करात सवलत मिळू शकते. केंद्र सरकारच्या नियमांत खाजगी वाहनासाठी ती २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनासाठी १५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष दर राज्य ठरवते. मोडीची किंमत नव्या वाहनाच्या शोरूममधील किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के असावी, अशी धोरणातील अपेक्षा आहे, तेव्हा जीपसाठी फार मोठी आशा धरू नये, पण गावच्या काट्यावर जे मिळेल त्यापेक्षा ती रक्कम वाईटही नसते.

एक हाताने करायचे काम आहे, ते पावसाआधी करावे. चेसिस क्रमांक जेथे ठोकलेला असतो तेथे गंज आणि वाळलेले शेण-माती यांचा थर बसलेला असतो. रॉकेल नाही मिळाले तर थोडे डिझेल चिंधीवर घेऊन तो भाग हळूहळू पुसावा. पत्र्यावर पोलादी ब्रश जोराने मारू नये, अक्षरेच निघून जातात. स्वच्छ झाल्यावर पातळ कागद त्यावर धरून शिसपेन्सिलीने आडवी घासावी. आकडे पांढरे उमटतात. हा ठसा नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी जुळला की पुढची अर्धी डोकेदुखी टळते, आणि एक जरी आकडा जुळत नसेल तर ते मोडीत देण्याआधी समजलेले बरे. बॅटरी मात्र आधीच काढून बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातील शिसे आणि आम्ल विहिरीजवळ झिरपू देणे गुरांसाठी आणि माणसांसाठी सारखेच घातक आहे.

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरला १५ वर्षे झाली. आता तो मोडीत काढावाच लागेल, असे मोबाइलवर फिरत आहे. ऐन पेरणीच्या तोंडावर आम्ही काय करावे? (बुलढाणा जिल्ह्यातील एक शेतकरी वाचक)

उत्तर : ट्रॅक्टर चालवावा आणि पेरणी करावी. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-व्यावसायिक वाहन आहे. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती दर वेळी ५ वर्षांसाठी, तपासणी करून, कितीही वेळा वाढवता येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हे जाहीरपणे स्पष्ट केले आहे. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल वाहने बंद, हा निर्बंध दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशासाठीचा आहे, बुलढाण्यासाठी नाही. १५ वर्षे झाली की आपोआप नोंदणी संपते ती सरकारी वाहनांची, १ एप्रिल २०२३ पासून. आपण फक्त नोंदणीची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. दुचाकी आणि मोटारीचे नूतनीकरण मात्र एप्रिल २०२२ पासून बरेच महाग झाले आहे. दुचाकीला १,००० आणि मोटारीला ५,००० रुपये, आणि २० वर्षांवरील वाहनांना त्याहून अधिक.

प्रश्न : सात वर्षांपूर्वी बंद पडलेली मोटारसायकल मी आठवडी बाजारात एका कबाड्याला २,२०० रुपयांना विकली. त्याने ती दुरुस्त करून पुढे कोणाला तरी दिली असावी. आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या नावाने आली आहे. तिच्या धडकेत एका माणसाचा पाय गेला म्हणे. विकल्यापासून मी तर ती गाडी पाहिलीसुद्धा नाही. माझा काय संबंध? (यवतमाळ जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले, आणि तरीही आपल्याला दिलासा देणारे उत्तर माझ्याकडे नाही. संबंध आहे. कायद्याच्या दृष्टीने वाहनाचा मालक म्हणजे ज्याच्या नावावर ते नोंदलेले आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले: वाहन एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेले असले तरी नोंदणी बदललेली नसेल, तर अपघातातील भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. त्यामागचा विचार कठोर वाटला तरी समजण्यासारखा आहे. ज्याचा पाय गेला, त्याने भरपाईसाठी बाजारातल्या पाच अनोळखी माणसांच्या मागे फिरावे, असे कायद्याला मान्य नाही.

म्हणून पहिली गोष्ट, नोटीस घेऊन तारखेला हजर राहावे. ‘माझा संबंध नाही’ म्हणून घरी बसणाऱ्यांच्या विरोधात एकतर्फी निकाल होतो आणि मग वसुली सातबारापर्यंत येते. दुसरी, विक्रीचा जो कोणता पुरावा असेल तो शोधावा: वहीतील नोंद, बाजारातली पावती, सोबत असलेला साक्षीदार, पैसे फोनवरून आले असतील तर बँकेचा उतारा. त्याच्या आधारे कबाडी आणि अपघाताच्या वेळी गाडी ज्याच्या ताब्यात होती तो, या दोघांना दाव्यात पक्षकार करण्याचा अर्ज आपल्या वकिलांमार्फत द्यावा. आपली जबाबदारी यामुळे पूर्ण पुसली जाईलच असे नाही, पण आपण भरलेली रक्कम प्रत्यक्ष ताबेदाराकडून परत मागण्याचा मार्ग मोकळा राहतो. तिसरी, अपघाताच्या दिवशी त्या वाहनाचा विमा कोणी काढला होता का, हे क्रमांकावरून तपासून घ्यावे; क्वचित पुढच्या ताबेदाराने विमा काढलेला असतो आणि मग सगळेच चित्र बदलते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना, तसेच महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो.

ज्यांच्याकडे अशी नोटीस अजून आलेली नाही, त्यांनी हे उत्तर स्वतःसाठी वाचावे. वाहन विकले की विकणाऱ्याने नमुना २९ भरून राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला नमुना ३० साठी ३० दिवस असतात. घेणारा पुढचे करीलच, या भरवशावर राहू नये. आणि गाडी भंगार म्हणूनच द्यायची असेल तर ती बाजारातल्या काट्यावर देऊ नये, कारण काट्यावर फक्त लोखंड जाते. नाव तसेच राहते.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी अपघातानंतर पोलिसांनी माझी दुचाकी ठाण्यात नेली. प्रकरण न्यायालयात आहे. गाडी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात सडत आहे. निकाल लागेपर्यंत ती मिळणारच नाही का? (चंद्रपूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : मिळते, पण मागावी लागते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काहीच साधत नाही, आणि दंडाधिकाऱ्यांनी योग्य ते बंधपत्र आणि हमी घेऊन ती लवकर सोडावीत. आता हा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. नोंदणी पुस्तक, विमा, चालकाचा परवाना आणि ओळखपत्र जोडावे. न्यायालय वाहनाची छायाचित्रे व पंचनामा करवून घेते आणि ते विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन, अशा अटींवर सुपुर्दनाम्याने ते आपल्या ताब्यात देते. गाडी ताब्यात मिळण्याआधी तिची स्थिती कागदावर नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. मुद्देमालाच्या यादीत आरसा, स्टेपनी, बॅटरी लिहिलेले आहे का, ते पाहावे.

ज्यांवर कोणीच हक्क सांगत नाही अशा वाहनांसाठीही वाट आहे. दंडाधिकारी जाहीरनामा काढतात, सहा महिन्यांत कोणी पुढे आले नाही तर वाहनाचा लिलाव होऊ शकतो. ठाण्यासमोरून जाताना दिसणारा गंजक्या दुचाकींचा ढीग हा पुष्कळ वेळा कायद्याच्या अभावी नाही, कोणी अर्जच न केल्यामुळे साचलेला असतो, आणि त्यातली एखादी गाडी कोण्या मजुराच्या पाच वर्षांच्या बचतीची असते. आपण अर्ज याच आठवड्यात करावा.

प्रश्न : माझी मालवाहू तीनचाकी दोन वर्षे दारात बंद आहे. गाडी रस्त्यावर आणलीच नाही, तरी कर थकल्याची नोटीस आली. (भंडारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : ज्या व्यावसायिक वाहनांचा कर ठरावीक मुदतीने भरावा लागतो, त्यांच्या बाबतीत वाहन वापरात नसल्याची सूचना ती मुदत सुरू होण्याआधी परिवहन कार्यालयाला द्यावी लागते, नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही. थकबाकीचे विवरण मागून घ्यावे, गॅरेजची बिले वगैरे दाखवत न बसता थेट गाडीची तपासणी करण्याची लेखी विनंती करावी आणि ती पुन्हा चालवायची नसेल तर थकबाकी मिटवून नोंदणी रद्द करून घ्यावी. नोटिशीचे कारण जिवंत ठेवून दर वर्षी उत्तर देत राहणे परवडणारे नाही.

प्रश्न : आमच्या शिवारात जाणाऱ्या पांदण रस्त्यावर एका शेतकऱ्याने मोडकी ट्रॉली आणि मळणीयंत्राचा सांगाडा उभा करून ठेवला आहे. बैलबंडी कशीबशी निघते, ट्रॅक्टर निघत नाही. त्याचे म्हणणे, रस्ता माझ्या धुऱ्यातून जातो. मृग नक्षत्र जवळ आले. लवकर काय करता येईल? (वाशीम जिल्ह्यातील एक शेतकरी वाचक)

उत्तर : आधी तलाठी कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी. पांदण नकाशावर दाखवलेली असेल तर धुऱ्याचा मुद्दा तेथेच संपतो आणि तो सार्वजनिक रस्ता ठरतो. मग तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा दूर करण्यासाठी दावा दाखल करता येतो. तहसीलदार नोटीस काढतात, स्थळपाहणी करतात, पंचनामा करतात आणि अडथळा हटवण्याचा तसेच पुन्हा तो न करण्याचा आदेश देऊ शकतात. नकाशात रस्ता नसला, पण पूर्वापार वहिवाट असली, तरीही हा मार्ग उपलब्ध आहे. तेव्हा जुन्या जाणत्या शेतकऱ्यांचे जबाब महत्त्वाचे ठरतात.

दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून अर्ज करावा, एकट्याचा अर्ज भाऊबंदकीचा समजला जातो. अर्जात गट क्रमांक, पांदणीची मूळ रुंदी आणि सध्या उरलेली रुंदी फुटांत लिहावी. स्थळपाहणीच्या दिवशी ट्रॅक्टर तेथपर्यंत आणून उभा करावा, म्हणजे तो का निघत नाही हे मंडळ अधिकाऱ्यांना समोर दिसेल. ट्रॉलीवर नोंदणी क्रमांक असेल तर तोही अर्जात लिहावा, कारण मोटार वाहन अधिनियमात ट्रॉलीसुद्धा येते आणि पोलिसांना कलम १२७ खाली तीही उचलता येते. यंत्राचा सांगाडा त्यात येत नाही, त्यासाठी तहसीलदारांचाच आदेश लागेल.

एका गोष्टीची मात्र आजच खात्री करून घ्यावी. हा दावा अडथळा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ट्रॉली तूर काढणीनंतर, म्हणजे साधारण जानेवारीत, आणून लावली असेल तर जूनअखेरच्या आधी अर्ज टेबलावर पोचला पाहिजे. नेमका दिवस कोणाला आठवत नसेल, तर त्या काळात त्या पांदणीतून ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या माणसाचे भाड्याचे बिल शोधावे. अडथळा त्या तारखेनंतरचा आहे, हे त्यावरून दाखवता येते.